मनगटाचा जोर

३ फेब्रुवारी

बाबा,

मायना मुद्दाम साधा ठेवलाय. आधी 'तीर्थस्वरूप' लिहायला घेतलं होतं. पण पाच वर्षं ज्यांच्याशी एक शब्द बोलले नाही त्यांना एकदम तीर्थस्वरूप म्हटलं, की पुढचं वाक्य माफीचं असणार असं वाचणाऱ्याला वाटतं. पुढचं वाक्य माफीचं नाही.

त्या बैठकीत जे बोलले ते आजही तसंच्या तसं बोलेन. सगळ्या कारखान्यासमोर बोलले, हे खरं. पण बैठक सगळ्या कारखान्याचीच होती, मग काय तुम्हाला कोपऱ्यात बोलावून कुजबुजायचं होतं? विषय विमानाच्या चाकांचा होता. उडताना पोटात घेतलेली चाकं उतरायच्या वेळी तेलाच्या दाबाने बाहेर येतात. तेलाची नळी फुटलीच, तर आपल्या विमानात वैमानिकाच्या खुर्चीशेजारी हातपंप आहे. तो मारत बसायचं, मग चाकं हळूहळू खाली येतात. तुम्ही एकदा तशी उतरवलीत. पाहुण्यांनी भरलेलं विमान, चाकं अर्धवट लोंबकळलेली, आणि तुम्ही पंप मारून मारून सगळ्यांना सुखरूप जमिनीवर आणलंत. तुमचा तो फोटो अजून दर्शनी हॉलमध्ये आहे. विमानाच्या दारात उभे, एक हात वर, आणि खाली सोनेरी अक्षरं: 'मनगटात जोर असेल तर विमान उतरतंच.'

मी एवढंच विचारलं होतं, की ज्याच्या मनगटात जोर नसेल त्याच्या विमानातल्या माणसांनी काय करायचं?

तुम्ही उठून गेलात. महिन्याभरात नोकरी सोडलीत आणि आईला घेऊन पार समुद्राकाठी जाऊन राहिलात. इथे माझं नाव पडलं, 'बापाला घालवणारी'. माझ्या तोंडावर कुणी म्हणत नाही, पण कँटीनमध्ये मी बसले की टेबलावरच्या गप्पा खाली बसतात.

असो. कामाचं लिहिते. मी तो पंप काढून टाकलाय. नुसता कागदावर नव्हे, यंत्र तयार आहे आणि जमिनीवर चालतंय. वैमानिकाने एक दांडी ओढायची, बस. चाकांना वर धरून ठेवणाऱ्या खिट्ट्या सुटतात, चाकं आपल्याच वजनाने खाली पडतात, आणि शेवटच्या टप्प्यात जाड स्प्रिंग त्यांना ढकलून पक्कं अडकवते. पुढचं चाक अशा बाजूने उघडतं की समोरून येणारा वारा त्याला मागे रेटून अडकवायलाच मदत करतो. तेल नको, वीज नको, मनगट तर नकोच.

आता हवेत चाचणी व्हायला हवी. उडतं विमान, तेलाचा दाब मुद्दाम बंद, आणि दांडी. ते करायला धाकटे कॅप्टन तयार नाहीत. तुमच्याच हाताखाली शिकलेले, त्या दिवशी तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसलेले. आता मुख्य चाचणी वैमानिक आहेत. मला म्हणाले, "ताई, थोरल्यांनी हो म्हटलं तर उडवतो."

मी म्हटलं, "थोरले केव्हाच निवृत्त झाले."

"माझ्यापुरते नाही झाले," म्हणाले.

म्हणून हे पाकीट. सोबत ड्रॉइंग आहेत. परवानगी मागत नाहीये. चूक शोधा. सापडली तर दाखवा, नाही सापडली तर त्यांना तसं कळवा. 'कार्टी उद्धट आहे' हे तांत्रिक उत्तर धरलं जाणार नाही.

तुमची मुलगी


१९ फेब्रुवारी

बाबा,

आईचा फोन आला होता. ती काही चोरून करत नाही, तुम्ही फिरायला गेलात की करते आणि तुम्ही आलात की मोठ्याने "ठेवते गं" म्हणते. त्यामुळे मला सगळं कळतं.

पाकीट तुम्ही उघडलं नाहीत. कपाटावर टाकलंत. आईने ते काढून फोडलं आणि सगळ्यात मोठं ड्रॉइंग जेवणाच्या टेबलावर अंथरलं. तुम्ही विचारलंत, हे काय? ती म्हणाली, "टेबलक्लॉथ धुवायला टाकलाय." तुम्ही ताटाभोवतीचा भाग वाचलात. दुसऱ्या दिवशी तुम्ही आपणहून खुर्ची बदलून बसलात, कारण डाव्या चाकाचा भाग पलीकडच्या बाजूला होता. तिसऱ्या दिवशी आईने धुतलेला टेबलक्लॉथ आणला तर म्हणालात, राहू दे.

आणि मग चष्मा पुसून म्हणालात, "हे चालणार नाही."

आई विचारते, का चालणार नाही? तुम्ही म्हणालात, "तिला कळेल."

नाही कळलं, बाबा. आणि फोनवरून उडत उडत आलेलं 'चालणार नाही' मी मोजत नाही. चाळीस वर्षं विमानं तपासलीत, तेव्हा कधी 'तिला कळेल' असा शेरा मारून विमान परत पाठवलंत का? कुठे, काय, कशामुळे, हे लिहून द्या. पोस्टाचं पाकीट तिकीट लावून सोबत ठेवलंय, म्हणजे तेही कारण नको.

तुमची मुलगी


६ मार्च

बाबा,

पाकीट मिळालं. मायना नाही, सही नाही. ड्रॉइंगवर पेन्सिलीने एका खिट्टीभोवती गोल आणि बाजूला: 'इथे पाणी साठेल. वर गोठेल. मग?'

ते अक्षर पाहिलं आणि पहिल्यांदा राग आला. लहानपणी माझ्या गणिताच्या वहीतही असंच 'मग?' लिहायचात. उत्तर कधी द्यायचा नाहीत.

मी तडक थंड खोलीत गेले. ती मोठी पोलादी कोठी, जिच्यात आपण भाग गोठवून बघतो. चाकाचा सबंध पाय, म्हणजे चाक ज्या दांड्याला बसवतात तो, आत टांगला, खिट्टीवर पाणी शिंपडलं, दार लावलं, आणि वरच्या हवेत असते तेवढी थंडी होईपर्यंत बाहेर स्वेटर घालून बसले. मग दांडी ओढली. पाय हललासुद्धा नाही. खिट्टी बर्फात घट्ट रुतली होती. आमचा फिटर इतक्या जोरात हसला की काचेवर वाफ धरली. म्हणाला, "थोरल्यांनी तिथे बसून इथलं विमान पाडलं."

तर, तुमचा आक्षेप बरोबर. लिहून देते, सही करून देते. पण यातून तुमचा पंप बरोबर ठरत नाही. खिट्टीला पाणी साठणारी खोबण होती ती काढून टाकली. आता ती पुढच्या बाजूला उतरती आहे, पाणी थांबायला जागाच नाही, आणि थोडासा बर्फ धरलाच तर दांडी ओढल्यावर खिट्टीची कड तो फोडूनच सुटते. पुन्हा गोठवलं. सुटली. पुन्हा गोठवलं, फिटरच्या हाताने ओढवली, मग माझ्या हाताने, मग हिशेबखात्यातल्या सडपातळ बाईंना बोलावून त्यांच्या हाताने. त्या बिचाऱ्या घाबरत घाबरत आल्या, ओढली, धाडकन पाय खाली आला तशा किंचाळल्या आणि मग म्हणाल्या, "पुन्हा करू?"

नवीन ड्रॉइंग सोबत. आणखी 'मग?' असेल तर पाठवा. माझ्याकडे उत्तरं आहेत.

तुमची मुलगी


२ एप्रिल

बाबा,

यावेळी तुमचं पाकीट आलं नाही. आई म्हणते ड्रॉइंग टेबलावरच आहे आणि तुम्ही गप्प आहात. गप्प राहायला हरकत नाही, पण इथे काय झालं ते ऐका.

साहेबांनी बोलावलं. ते काही वाईट नाहीत, फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीत गिऱ्हाईक दिसतं. नव्या विमानासाठी परदेशी मंडळी येणार आहेत. साहेब म्हणाले, "तुमचं यंत्र छान आहे. पण आपण पंपच ठेवू."

"का? वजन जास्त आहे का? पंप, त्याची टाकी, त्याच्या नळ्या काढल्या की माझं हलकंच भरतं."

"वजनाचं नाही हो. ही मंडळी हॉलमध्ये येतात, थोरल्या कॅप्टनचा फोटो बघतात, मी तो प्रसंग सांगतो. त्यांचे डोळे चमकतात. त्या प्रसंगावर आपण विमानं विकलीत. आता त्यांना सांगू, की तो पंप चुकीचा होता?"

"हो," मी म्हटलं. "सांगा."

"तुमचे वडील आहेत ते!"

"म्हणून तर सांगते. दुसऱ्या कुणाचे असते तर तुम्ही म्हणाला असतात, हिला काय कळतंय."

मग त्यांनी नव्या विमानाचं ड्रॉइंग पुढे केलं. त्यात पंप. खाली माझ्या सहीची जागा. चाकांच्या विभागाची प्रमुख मी, माझ्या सहीशिवाय ते पुढे जात नाही. मी पेन टोपण लावून खिशात ठेवलं. साहेब म्हणाले, विचार करा. मी म्हटलं, विचार करूनच टोपण लावलंय.

दुसऱ्या दिवसापासून मी माहितीपुस्तिका विभागात आहे. म्हणजे तळमजल्यावर, जिन्याखाली. विमानाची शिडी कशी लावावी, खिडकी कशी पुसावी, ते लिहायचं. खुर्ची एका बाजूला कलते. माझ्या जागी आलेला माणूस सज्जन आहे, म्हणाला, "मीही सही करणार नव्हतो, पण घरी दोन मुलं आहेत." पण त्याने अजून सही केलेली नाही, रोज उद्यावर ढकलतोय, हेही तुम्हाला सांगते.

मी नोकरी सोडणार नाही. सोडून जाणं आपल्या घरात एकदा झालंय, तेवढं पुरे. इथेच बसेन, या कलत्या खुर्चीवर, आणि रोज सकाळी वर जाऊन विचारेन, की चाचणी कधी?

तुमची मुलगी


१७ एप्रिल

बाबा,

आई परवा एकटीच आली. तुम्हाला बहिणीकडे जाते सांगून निघाली, ते एव्हाना तुम्हाला कळलंच असेल. मी कामावरून आले तर ती पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. चहा झाला, शेजारपाजारचं झालं, मग म्हणाली, "त्यांचा तो फोटो नीट बघितलायस कधी?"

"रोज बघते. जाता-येता."

"कुठला हात वर आहे?"

मला सांगता येईना. आई म्हणाली, "डावा. तुझा बाप डावखुरा आहे का?"

मग तिने सगळं सांगितलं. पंप मारता मारता तुमच्या उजव्या खांद्यात काहीतरी फाटलं, चाकं अजून खाली आलेली नसताना. हात तसाच गळून पडला. विमान तुम्ही डाव्या हाताने सांभाळलंत आणि राहिलेला पंप शेजारून वाकून, पाय टेकवून, लाथा मारमारून धाकट्या कॅप्टननी पुरा केला. उतरल्यावर लोकांनी हात वर करा म्हटलं, तेव्हा वर होत होता तो एकच हात होता. त्यानंतर शर्ट आई चढवायची. वैद्यकीय तपासणीला तुम्ही ओळखीच्या डॉक्टरकडे जायचात आणि हसून वेळ मारून न्यायचात. आणि शेवटी नवे डॉक्टर येणार म्हटल्यावर नोकरी सोडलीत.

म्हणजे माझ्यामुळे नाही.

बाबा, आईसमोर मी काही बोलले नाही, तिला जेवायला वाढलं, सकाळी गाडीत बसवून दिलं. आता बोलते. पाच वर्षं! पाच वर्षं मी 'बापाला घालवणारी' म्हणून या कारखान्यात वावरले. तुम्हाला ठाऊक होतं लोक काय म्हणतात. एका वाक्याने ते थांबलं असतं. तुम्ही ते वाक्य गिळून बसलात, कारण ते बोललं की फोटोतला माणूस खोटा पडला असता. तो फोटो वाचवायला मुलगी खर्ची घातलीत.

आणि त्याहून मोठं सांगू? मी त्या बैठकीत विचारलं, मनगटात जोर नसेल त्याने काय करायचं. त्या अख्ख्या खोलीत त्याचं उत्तर ठाऊक असलेली दोनच माणसं होती. एक उठून गेला आणि दुसरा बूट न्याहाळत बसला. तुमच्यासारख्याचा हात जर अर्ध्यात तुटतो, तर तो पंप कुणाच्या भरवशावर ठेवलाय आपण? आजही आपली विमानं त्याच पंपासह उडतायत. आत्ता, मी हे लिहीत असताना. त्यांत माणसं बसलीत, कुणी खिडकीतून ढग बघतंय.

मला तुमची दिलगिरी नको. मी ती ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नाही. साहेबांना सांगा. धाकट्या कॅप्टनना मोकळं करा, तो माणूस तुमच्या शब्दात अडकलाय. आणि नाही सांगितलंत तर मी सांगेन, हॉलमध्ये उभी राहून, तुमच्या फोटोखाली. त्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं बरं दिसेल. तुम्हालाही, मलाही.

मुलगी


५ मे

बाबा,

तुम्ही आलात आणि मला न भेटता गेलात!

मी जिन्याखाली खिडकी पुसण्याचं प्रकरण लिहीत होते आणि वर हे सगळं घडलं. मला कळलं ते फिटर धावत खाली आला तेव्हा. वर पोचेपर्यंत तुमची टॅक्सी फाटकाबाहेर. धाकटे कॅप्टन हॉलमध्ये भिंतीला टेकून उभे होते, डोळे लाल. त्यांच्याकडून जे ऐकलं ते लिहिते, चूक असेल तर सुधारा.

परदेशी मंडळी फोटोसमोर उभी होती, साहेब नेहमीचा प्रसंग सांगत होते. तुम्ही मागून आलात. साहेबांना आनंदाने काय करावं सुचेना. "हेच ते!" पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही म्हणालात, "गोष्ट अर्धी सांगताय. उरलेली मी सांगतो." आणि सांगितलीत. खांदा, पंप, लाथा, सगळं. साहेब मध्येच म्हणाले, "अहो, आता कशाला?" तुम्ही वळलात आणि भिंतीवरचा फोटो उतरवायला उजवा हात वर न्यायला लागलात. तो छातीपर्यंत आला आणि थांबला. तुम्ही तो तिथेच, सगळ्यांना दिसेल असा, धरून ठेवलात. मग म्हणालात, "याच्यावर विमानं विकू नका. हा इतकाच वर जातो." आणि पहारेकऱ्याला म्हणालात, "बाबा रे, तेवढा फोटो उतरवून दे."

त्या मंडळींतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं म्हणे, "मग पंपाऐवजी तुमच्याकडे काय आहे?"

तुम्ही साहेबांकडे बोट दाखवलंत. "यांना विचारा. यांनी ते जिन्याखाली ठेवलंय."

मी तुमच्यावर अजून रागावलेली आहे. तो राग इतक्यात जाणार नाही, त्याला त्याचा वेळ लागेल. पण काल फिटर हे तिसऱ्यांदा सांगत होता आणि मी त्याला म्हटलं नाही की झालं ना सांगून.

चाचणी याच महिन्यात आहे. मी पुन्हा वरच्या मजल्यावर आहे. विमानात मागे आकडे बघायला एक माणूस लागतो. तो माणूस मी आहे. साहेब नको म्हणत होते. मी म्हटलं, यंत्र माझं आहे, पडायचं असेल तर माझ्यासकट पडू दे.

थोरली

(कारखान्यात तुम्ही थोरले, घरात मी थोरली. एक नंबर माझा राहू द्या.)


२९ मे

बाबा,

आईला फोनवर नुसतं "सगळे ठीक आहोत" म्हटलं. तुम्हाला नीट लिहिते.

सकाळी उडालो. आकाश मोकळं होतं. वर गेल्यावर धाकट्या कॅप्टननी तेलाचा दाब बंद केला. काटा शून्यावर आला. ते म्हणाले, "ताई, ओढू?" मी म्हटलं, "ओढा." खालून धडधड आवाज आला, सगळं विमान थरथरलं. पुढच्या चाकाचा, ते पक्कं अडकल्याचा, हिरवा दिवा लागला. उजव्याचा लागला. डाव्याचा लागला नाही.

आम्ही वाट पाहिली. डावं चाक खाली आलं होतं पण अडकलं नव्हतं. तसंच उतरलो असतो तर टेकताच पाय दुमडला असता. दाब पुन्हा चालू करायची सोय होती, त्यांचा हात तिकडे गेलाही. मी ओरडले, "थांबा, अजून नको!" तेव्हा त्यांनी विमान किंचित तिरपं केलं, बाजूने घसरवलं, वारा आतल्या अंगाने त्या पायावर आला आणि खट्ट! हिरवा दिवा.

उतरलो. लोक धावत आले. साहेबांनी माझा हात हातात घेऊन इतका हलवला की मला तुमच्या खांद्याची आठवण झाली. "पास! पास!" कुणीतरी पेढ्यांऐवजी कँटीनची बिस्किटंच वाटायला सुरुवात केली.

मी म्हटलं, "नापास."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अहो, तिन्ही दिवे लागले!"

"दोन यंत्राने लावले. तिसरा कॅप्टननी लावला. उद्या तिथे नवखा असला आणि त्याला हे सुचलं नाही तर? मग पंपात आणि यात फरक काय? तिथे मनगट लागत होतं, इथे डोकं लागलं."

साहेब म्हणाले, "तुम्ही बाईमाणूस आहात की शत्रू?" मी म्हटलं, "दोन्ही नाही, विभागप्रमुख." आणि कागदावर नापास लिहून सही केली. धाकट्या कॅप्टननी हातातलं बिस्किट परत डब्यात ठेवलं.

संध्याकाळी फोन वाजला. आईचा असेल म्हणून उचलला तर तुम्ही. डावा दिवा उशिरा लागला एवढं तुम्हाला इथून कुणीतरी कळवलेलं दिसलं. पाच वर्षांनी तुमचा आवाज, आणि नमस्कार-चमत्कार काही नाही, पहिलंच वाक्य: "डाव्या चाकाला वैमानिकाने काय केलं?"

"घसरवलं."

"मग नापास."

"केलंय," मी म्हटलं. "दुपारीच."

नंतर म्हणालात, "ब्रेकच्या नळ्या बघ," आणि ठेवून दिलात.

बाबा, नळ्या मी त्याआधीच बघत होते. फोन आला तेव्हा माझ्या हातात नळीच होती. रबरी, जाड, थंडीत काठीसारखी ताठ होणारी. डाव्या बाजूला तिला जागा कमी म्हणून वळण आवळून दिलेलं, त्यामुळे तीच पायाला मागे ओढत होती. थंड खोलीत आम्ही पाय गोठवला तो नळी न लावता, म्हणून तिथे सापडलं नाही. हे श्रेय मी तुम्हाला अजिबात देणार नाही.

थोरली


२ जुलै

बाबा,

तुम्ही येऊन गेलात, दोन दिवस राहिलात, आणि तरी पत्र लिहायला बसले आहे. समोरासमोर आपण दोघं फक्त भांडू शकतो. बाकीचं कागदावर बरं पडतं.

दुसरी चाचणी कशी झाली ते तुम्हाला ठाऊकच आहे. नळीचं वळण मोठं केलं, स्प्रिंग आणखी जाड केली, आणि धाकट्या कॅप्टननी दांडी ओढून विमान सरळ रेषेत धरलं. एवढं सरळ, की म्हणाले, "ताई, जांभई आली तरी दिली नाही." तिन्ही दिवे यंत्राने लावले. त्यावर मी पास लिहिलं. मग पुन्हा चार वेळा उडालो, थंडीत, पावसात, भरल्या वजनाने. दर वेळी लागले.

आणि परवा त्या परदेशी मंडळींना घेऊन उडायचं ठरलं. त्या म्हाताऱ्या बाईंनीच अट घातली, की आम्ही आत बसलेलो असताना ओढा. साहेबांना घाम फुटला होता. धाकट्या कॅप्टननी तुम्हाला पुढची खुर्ची देऊ केली. तुम्ही म्हणालात, "नको. मी प्रवासी आहे." आणि मागच्या रांगेत, खिडकीशी जाऊन बसलात. तुम्हाला मागे बसलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. पट्टा लावता येईना, तो त्या बाईंनी लावून दिला.

मला आकड्यांकडे बघायचं होतं. पण दाब बंद झाल्याचं त्यांनी पुकारलं तेव्हा मी वळून तुमच्याकडे बघितलं. तुम्ही डोळे मिटले होते आणि तुमचा उजवा हात मांडीवर मागे-पुढे, मागे-पुढे हलत होता. इतका हळू, की शेजारच्या बाईंनाही कळलं नसेल. तुम्हाला स्वतःला कळलं नसेल. खालून धडधड झाली. खट्ट, खट्ट, खट्ट. आणि तुमचा हात थांबला. तळवा वर करून मांडीवर पडून राहिला, काही काम नसलेल्या माणसासारखा.

मी आकड्यांकडे वळले. पुढचे काही आकडे मला लिहिता आले नाहीत, ते नंतर यंत्रावरून उतरवून घेतले. हे तिथे मी कुणाला सांगितलं नाही.

उतरल्यावर सगळे तुमच्याभोवती जमले. थोरले काय म्हणतात, थोरले काय म्हणतात. तुम्ही पट्टा सोडवून घेतलात, जिना उतरलात, डाव्या चाकाशी वाकून बघितलंत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "स्प्रिंग फार जाड केलीस. उडाल्यावर चाक आत घ्यायच्या वेळी तेलाला उगाच जोर लागणार."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा पाहुण्यांसमोर गप्प बसले, पण आता उत्तर देते. हो, जाड आहे. तेलाला जोर लागू दे, त्याला त्यासाठीच ठेवलंय. माणसाला लागणार नाही एवढं मी बघितलं. स्प्रिंग तशीच राहणार आहे, बाबा. आवडली नाही तर या आणि भांडा. मी इथेच आहे.

थोरली